एक लाख तीस हजार टन आणि एक चिमूट

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या आवारात दोन गोष्टी हटकून करतो. आधी भिंतीवरची मराठी शोधतो, कारण सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास तिथे दगडात कोरून घेतला आहे आणि तमिळ मुलखाच्या मधोमध आपली भाषा वाचताना छाती अंमळ फुगतेच. मग तो मान मागे टाकतो, शिखराकडे बघतो आणि शेजारच्याला म्हणतो, "केवढा हो हा दगड!"

केवढा? राजराज चोळानं इ.स. १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ. विमान सुमारे २१६ फूट उंच. सगळ्या बांधकामाला लागलेला ग्रॅनाइट साधारण १,३०,००० टन असं सांगतात. एक लाख तीस हजार टन! हा आकडा मुठीत घट्ट धरून ठेवा. आज त्याच्या शेजारी आपल्याला दुसरा एक दगड मांडायचा आहे. किडनीचा जुनाट आजार असलेल्या माणसाच्या हृदयाच्या धमन्यांत जमणारा. तो चिमटीत मावतो. तरीही दोघांत जड कोण, हे शेवटी तुम्हीच ठरवा.

सुरुवात हृदयापासून करू. आपण शांत बसलेले असताना ते मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. लिटरभर रक्ताचं वजन किलोहून जरासं जास्त, १ किलो ६० ग्रॅम. म्हणजे मिनिटाला ५.३ किलो. तासाला ३१८ किलो, तीन क्विंटलांच्या वर. दिवसाला साडेसात टनांहून अधिक. वर्षाला २,७८८ टन. आता मुठीतला आकडा उघडा आणि भागाकार करा. साडेशेहेचाळीस वर्षं! तुमच्या वयाची सत्तेचाळिशी जवळ आली, की तुमच्या मुठीएवढ्या हृदयानं बृहदीश्वराच्या वजनाइतकं रक्त हलवून झालेलं असतं. राजराजाकडे हत्ती होते, हजारो माणसं होती. इथे एकच स्नायू, दिवसाला लाखभर ठोके, आणि रविवारचीही सुट्टी नाही.

वजन नको, लिटरांत सांगा म्हणाल, तर लातूरची पाण्याची रेल्वे आठवा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गाडी सुटली. आधी दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची. पुढे पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. देशभरच्या टीव्हीवर ती गाडी झळकली. आता ५ लिटरला १,४४० मिनिटांनी गुणा: दिवसाला ७,२०० लिटर. त्याला ३६५ नी गुणा: सव्वीस लाख अठ्ठावीस हजार. एक हृदय, एक वर्ष आणि पन्नास वाघिणींची लातूरची एक अख्खी गाडी, वर लाखभर लिटर शिल्लक! सत्तर वर्षं जगलात तर अशा त्र्याहत्तर गाड्या. तुम्ही आत्ता हे वाचत बसला आहात आणि आत एक गाडी भरली जाते आहे.

एवढं वाटणारं हृदय स्वतःसाठी किती ठेवून घेतं? शंभरातले जेमतेम पाच. दिवसाला साधारण ३६० लिटर. आणि हे ३६० लिटर जातात तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या धमन्यांतून. जरा जाड रिफिलएवढी नळी आणि तिच्यावर वर्षाला एक रेल्वेगाडी उपसणारा पंप अवलंबून. इथे भूमितीनं एक भयंकर गंमत करून ठेवली आहे. सरळ नळीचा व्यास निम्मा केला, तर दाब तोच ठेवूनही प्रवाह निम्मा होत नाही. पावही होत नाही. एक सोळांश होतो! सोळा हंडे येत होते तिथे एक. शरीरातल्या धमन्या म्हणजे काही प्लंबरच्या नळ्या नव्हेत, त्या आपापल्या परीनं सावरून घेतात. पण या सोळा हंड्यांवरून धोक्याची कल्पना यावी.

आता किडन्यांकडे वळू. खरे विक्रमवीर इथे आहेत आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. प्रेमपत्रावर कधी किडनीचं चित्र पाहिलंय?

एक किडनी साधारण १५० ग्रॅमची. दोन मिळून ३०० ग्रॅम, पाव किलो भेंडीच्या पिशवीपेक्षा थोडं जास्त. प्रत्येकीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या, त्यांना डॉक्टर नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही मिळून वीस लाख. प्रत्येक गाळणीला एक नागमोडी नळी, चार-पाच सेंटिमीटर लांब, केसाहून बारीक. पाच धरा. वीस लाख गुणिले पाच सेंटिमीटर म्हणजे एक कोटी सेंटिमीटर. म्हणजे एक लाख मीटर. म्हणजे शंभर किलोमीटर! मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटर आहे. तो पूर्ण रस्ता, खंडाळ्याच्या घाटासकट आणि बोगद्यांसकट, तुमच्या कमरेच्या वर पाठीशी गुंडाळून ठेवलेला आहे आणि वर साडेपाच किलोमीटर उरतात.

या रस्त्यावर वाहतूक किती? दिवसाला १८० लिटर. रक्तातलं पाणी गाळून बाहेर काढायचं, त्यातलं कामाचं सगळं परत आत घ्यायचं आणि फक्त दीडेक लिटर मूत्र म्हणून सोडायचं. १८० लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या बारा बादल्या. अंगात रक्तद्रव असतो अवघा तीन लिटर, म्हणजे तोच माल दिवसातून साठ वेळा धुऊन निघतो. चोवीस मिनिटांत एकदा! आपल्याकडे वीस फूट व्यासाची आणि वीस फूट पाणी असलेली विहीर म्हणजे भाग्यवान शेतकऱ्याची विहीर. तिच्यात पावणेदोन लाख लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. सत्तर वर्षांत दोन किडन्या अशा जवळजवळ सव्वीस विहिरी गाळतात. ना मोटर, ना वीजबिल, ना गाळ काढायला माणसं.

आणि मग हा रस्ता हळूहळू बंद पडायला लागतो. मधुमेहानं, रक्तदाबानं, कधी कारण न सांगता. १८० लिटरचे ८६ होतात, तोवर माणसाला पत्ताही नसतो. 'क्रिएटिनिन वाढलंय' हे वाक्य कानावर पडतं तेव्हा बहुतेकदा अर्ध्याहून अधिक लेन बंद झालेल्या असतात. शेवटच्या टप्प्यात उरतात दिवसाला साडेएकवीस लिटर किंवा त्याहून कमी. बारा बादल्यांच्या जागी दीड.

तंजावरच्या आसपास हे कारण न सांगणारं प्रकरण फार दूरचं नाही. तमिळनाडूत १२५ गावांतल्या ३,३५० शेतमजुरांची तपासणी झाली, २०२५ साली तिचे निष्कर्ष छापून आले. दर शंभरात पाचांहून अधिक जणांना किडनीचा जुनाट आजार आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना ना मधुमेह, ना रक्तदाब. उन्हातलं राबणं हा पहिला संशयित. कावेरीच्या खोऱ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून भात लावणारा माणूस आणि त्याच्या अंगातली गाळणी पाण्यावाचून करपते, हा हिशेब मला काही केल्या पचत नाही.

बरं, किडनी थकली तर हृदयात दगड का व्हावा? रसायनशास्त्राच्या फार खोलात आपण जायचं नाही, डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास ठेवू. थोडक्यात एवढंच: अन्नातून येणारं फॉस्फरस बाहेर टाकणं हे किडनीचं काम. ते थांबलं की फॉस्फरस रक्तात साचतं, कॅल्शियमशी गट्टी करतं आणि धमनीच्या भिंतीतल्या पेशी चक्क हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. म्हणजे धमनीत हाड बनतं. हाडात असतं तेच खनिज, फक्त पत्ता चुकलेला.

जमाखर्च मांडू. माणूस दिवसाला साधारण १,००० मिलिग्रॅम फॉस्फरस खातो. डाळ, दूध, मांस, अंडी, सगळ्यात ते आहेच. त्यातलं ६०० अंगात शोषलं जातं असं धरा. आठवड्याला जमा ४,२००. किडनी निकामी झाली की यंत्रानं रक्त गाळावं लागतं, तेच डायलिसिस; अशा एका डायलिसिसमध्ये निघून जातं ८०० च्या आसपास. आठवड्यात तीन डायलिसिस केले तर खर्च २,४००. शिल्लक १,८०० मिलिग्रॅम, दर आठवड्याला! वर्षाला जवळजवळ ९४ ग्रॅम. हाडाच्या खनिजात फॉस्फरस साडेअठरा टक्के असतं, म्हणजे एवढ्या शिल्लकीतून अर्धा किलो दगड बनू शकेल. दरसाल अर्धा किलो! हा कागदावरचा हिशेब आहे हं; प्रत्यक्षात जेवणाबरोबर घेतलेली फॉस्फरस बांधणारी गोळी त्यातलं बरंच आतड्यातच धरून ठेवते, आणि पथ्यही असतं. पण आपल्याकडे अनेकजण आठवड्याला तीन नव्हे, दोनच डायलिसिसवर भागवतात. मग शिल्लक २,६०० वर जाते. ही बँक अशी, की खात्यात पैसे वाढले की खातेदाराला घाम फुटावा.

हा दगड मोजतात कसा? १९९० साली आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवरून गुण द्यायची पद्धत काढली, तिला त्यांचंच नाव आहे. हृदयाचे तीन मिलिमीटर जाडीचे काप, पाव सुरी न लागता कापल्यासारखे. प्रत्येक कापात पांढरा ठिपका दिसला की त्याचं क्षेत्रफळ मोजायचं, जितका कडक तितका एक ते चारनं गुणायचा, सगळी बेरीज करायची. तरुण, निरोगी माणसाचा स्कोअर बहुधा शून्य. चारशेच्या वर गेला की डॉक्टर खुर्चीत सरळ बसतात. हजार म्हणजे फारच झालं.

आता ही गोष्ट ऐका. २००० साली लॉस एंजेलिसच्या विल्यम गुडमन आणि मंडळींनी डायलिसिसवरच्या मुलांची आणि तरुणांची तपासणी छापली. विशीच्या आतल्या २३ जणांत एकाच्याही धमनीत कॅल्शियम नाही. सुटकेचा नि:श्वास? थांबा. वीस ते तीस वयाच्या सोळा जणांपैकी चौदा जणांत होतं! त्याच वयाच्या साठ निरोगी तरुणांत किती? तीन. आणि त्या चौदांचा सरासरी स्कोअर १,१५७. वीस-तीस वर्षांची पोरं! कॉलेजच्या कट्ट्यावर बसायचं वय. सरासरीच्या या आकड्याला काही फार मोठ्या स्कोअरांनी वर ओढलंय हे खरं, मधला स्कोअर २९७ होता; पण त्या वयात जवळपास शून्य असायला हवं, तिथे २९७ सुद्धा डोळे पांढरे करणारेच.

१,१५७ म्हणजे प्रत्यक्षात केवढं? ठिपके सगळ्यात कडक प्रतीचे धरले तर चारनं भागा: २८९ चौरस मिलिमीटर. नव्या रुपयाच्या नाण्याचं क्षेत्रफळ ३१४ आहे. म्हणजे सगळ्या कापांमधले सगळे ठिपके उचलून एकत्र ठेवले तरी रुपया झाकला जात नाही! वजन करायला गेलात तर चिमूट. ती पाव ग्रॅमची धरू. त्यात शुद्ध कॅल्शियम शंभर मिलिग्रॅम. आणि माणसाच्या हाडांत कॅल्शियम किती? एक किलो. दहा हजारांतला एक भाग. लाख रुपये तिजोरीत नीट ठेवलेत, त्यातली दहाची एक नोट चुकीच्या खिशात गेली, आणि त्या एका नोटेपायी सगळं घर धोक्यात आलं, असा हा मामला.

बरं, ही चिमूट स्वस्थ बसत नाही. त्याच अभ्यासात काहींना साधारण वीस महिन्यांनी पुन्हा स्कॅनखाली घेतलं. या मोजक्या जणांची सरासरी आधी १२५ होती, ती २४९ झाली. दुप्पट! वीस महिन्यांत दुप्पट म्हणजे दरमहा शेकडा साडेतीन, तेही चक्रवाढ. गावोगावच्या सावकाराला विचारा, तोही म्हणेल, दर बरा आहे. याच चालीनं दहा वर्षं गेली तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे चौसष्ट पट, १२५ चे ८,०००. प्रत्येकाचं असंच होतं असं मुळीच नाही, काहींचा स्कोअर वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. पण व्याजाचा दर कळला की मुद्दलाची भीती वाटू लागते.

आणि यातला सगळ्यात तिरकस आकडा अजून सांगितलाच नाही. फॉस्फरस धरून ठेवायला त्या काळी ज्या गोळ्या दिल्या जात, त्या कॅल्शियमच्याच असत. ज्यांच्या धमन्यांत दगड सापडला, त्यांच्या पोटात या गोळ्यांतून रोज सरासरी ६,४५६ मिलिग्रॅम कॅल्शियम जात होतं. ज्यांच्यात सापडला नाही, त्यांच्या पोटात ३,३२५. गाईच्या दुधाच्या भाषेत पहिला आकडा म्हणजे रोज पाच लिटरांहून अधिक दूध! पाच लिटर, रोज, एका माणसाला. चोराला पकडायला चोराच्या भावाला नेमल्यासारखं. तेव्हापासून डॉक्टर या गोळ्यांबाबत हात आखडून लिहू लागले आणि कॅल्शियम नसलेल्या गोळ्या पुढे आल्या.

धमनी टणक झाली की दुसरी गंमत होते. हृदयाचा ठोका पडला की दाबाची लाट धमनीतून धावते. तरुण, लवचीक महाधमनीत तिचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर, म्हणजे ताशी अठरा-वीस किलोमीटर, शाळेला उशीर झालेल्या मुलाची सायकल. टणक धमनीत हाच वेग सेकंदाला बारा मीटर झाला, की ताशी त्रेचाळीस. तंजावरहून कुंभकोणमला निघालेली बस समजा. लाट जितकी वेगानं जाते तितकी वेगानं आदळून परत येते आणि हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. दिवसाला एक लाख ठोके, आठवतंय ना?

परिणाम १९९८ साली एका तक्त्यात मांडला गेला आणि किडनीचे डॉक्टर तो आजही विसरत नाहीत: पंचविशी-तिशीतला माणूस डायलिसिसवर असेल, तर हृदयविकारानं दगावण्याचा त्याचा वर्षाचा धोका सर्वसाधारण ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याएवढा. पन्नास वर्षांचा प्रवास न करताच शेवटचं स्टेशन.

सरफोजी राजांना वैद्यकाचं विलक्षण वेड होतं. त्यांनी धन्वंतरी महाल काढला, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी नीट लिहवून ठेवल्या. माणसं मोजून, टिपून बरी करायची ही सवय असलेला राजा आज असता, तर त्यानं पुढचे आकडेही दरबारात मोठ्यानं वाचून घेतले असते. श्वास भरून घ्या.

एका डायलिसिसला चार तास. यंत्रातून मिनिटाला ५०० मिलिलिटर द्राव वाहतो, म्हणजे एका बैठकीला १२० लिटर. तेवढ्यात रुग्णाचं रक्त मिनिटाला ३०० मिलिलिटरनं यंत्रात जातं-येतं: ७२ लिटर. अंगात रक्त पाचच लिटर, म्हणजे तेच रक्त चौदा वेळा फेरी मारतं. आठवड्यात तास असतात १६८, त्यातले यंत्रावर बारा. निरोगी किडनी १६८ च्या १६८ तास कामावर.

भारतात दरवर्षी किडनी पूर्ण निकामी झालेल्या नव्या रुग्णांची भर पडते सुमारे २ लाख २० हजार. त्यामुळे दरवर्षी वाढणारी डायलिसिसची गरज ३ कोटी ४० लाख बैठकांची. हे सरकारी कागदावरचे आकडे आहेत, राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली त्यांच्याच आधारावर उभा राहिला. आता गुणाकार सुरू करू. ३ कोटी ४० लाख बैठका, प्रत्येकी १२० लिटर: ४०८ कोटी लिटर शुद्ध पाणी! लातूरच्या पन्नास वाघिणींच्या गाड्या किती? १,६३२. रोज साडेचार गाड्या, वर्षभर. एक गाडी सहाशे मीटरची धरून साऱ्या एकामागे एक उभ्या केल्या तर ९७९ किलोमीटर. मुंबई ते पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा, तो पाच वेळा भरून गाड्या उरतात! आणि पाणी शुद्ध करताना यंत्र जे फेकून देतं, ते यात धरलेलंच नाही.

पैसे? बैठकीला सोयीसाठी दीड हजार रुपये धरू. पाच हजार शंभर कोटी. पाचशेच्या नोटांत दहा कोटी वीस लाख नोटा. एक नोट पंधरा सेंटिमीटर लांब. जमिनीवर एकापुढे एक मांडत चला: १५,३०० किलोमीटर! द्रुतगती मार्गावर कळंबोली-किवळे-कळंबोली अशा एक्याऐंशी फेऱ्या आणि रस्त्यावर सगळीकडे गांधीजी हसताहेत.

आता उलटा हिशेब. याच २ लाख २० हजार लोकांच्या किडन्या धडधाकट असत्या तर? प्रत्येकी रोज १८० लिटर. रोज ३ कोटी ९६ लाख लिटर. वर्षाला १,४४५ कोटी लिटर! लातूरच्या पाच हजार सातशे ऐंशी गाड्या, म्हणजे दर दीड तासाला एक गाडी, दिवसरात्र. फॉस्फरसची शिल्लक शून्य. धमन्यांत चिमूटही नाही. आणि हे सगळं काम करणाऱ्या त्या चार लाख चाळीस हजार किडन्यांचं एकूण वजन किती भरलं असतं? ६६ टन. कोळशाची एक वाघीण.